केबल मुरेपर्यंत

पाणी मुरतं, माणूस धंद्यात मुरतो, हे मला ठाऊक होतं. पण तारसुद्धा मुरावी लागते हे मला माझ्या धाकट्या भावाने शिकवलं, आणि तेव्हा तळपायाची जी आग मस्तकात गेली ती अजून खाली उतरलेली नाही.

भावाला आई सोन्या म्हणते. पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, तरी सोन्याच. मी थोरली, मला ती नुसतं 'अगं' म्हणते. माझं पडद्यांचं दुकान आहे. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापड ठरवायचं, अस्तर लावून पडदे शिवायचे आणि स्वतः शिडीवर चढून टांगून द्यायचे. सोन्या एका मोठ्या कंपनीत हिशेबतपासनीस आहे आणि उरलेल्या वेळात संगीतप्रेमी. प्रेमी म्हणजे काय, तर त्याच्याकडे गाणं लागलं की तो गाण्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. 'खालचा स्वर किती घट्ट येतोय बघ,' 'झांज कुठे वाजतेय ते बोटाने दाखवता येतं बघ.' मी एकदा विचारलं, गाणं कोणतं आहे? तर म्हणाला, 'ते महत्त्वाचं नाही गं.'

आता आईचं सांगते, कारण सगळं तिच्यासाठी चाललं होतं. निदान तसं म्हणायची पद्धत होती.

आई तरुणपणी रेडिओ केंद्रावर समूहात गायची. मुख्य गायिका माइकच्या पुढे, या बाकीच्या तिच्यामागे अर्धवर्तुळात. एका गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना शेवटच्या कडव्याला मुख्य बाईंचा घसा बसला. पुढच्या कार्यक्रमाची मंडळी दाराबाहेर ताटकळत होती. काचेपलीकडच्या ध्वनिमुद्रकाने आईकडे बोट केलं, पुढे या म्हणाला, आणि शेवटचं कडवं आई एकटी गायली. नाव अर्थातच मुख्य बाईंचं लागलं. गाणं प्रसारित झालं तेव्हा आई इस्पितळात मला जन्म देण्यात गुंतली होती, म्हणजे तिने ते ऐकलं नाही यात पहिला दोष माझाच. पुढे ते कधी वाजलं नाही, त्याची तबकडी निघाली नाही. आईने आयुष्यभर ही गोष्ट सांगितली आणि आयुष्यभर लोकांनी ती हसून ऐकली. आमचे वडील तर चिडवायचे, 'मागे उभ्या राहणाऱ्या सगळ्याच बायका म्हणतात, तो आवाज माझा.' ती फणकारायची. पण अलीकडे फणकारेनाशी झाली होती. 'कोण जाणे,' म्हणायची, 'ध्वनिमुद्रकाने नंतर बाईंना बोलावून पुन्हा गाऊनही घेतलं असेल. मला कोण सांगणार होतं?'

स्वतःच्या आयुष्यातल्या एवढ्या एका गोष्टीबद्दल माणसाला म्हातारपणी खात्री वाटेनाशी व्हावी, याचा मला फार राग यायचा.

तर ते गाणं सापडलं. सोन्यालाच सापडलं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. केंद्राच्या जुन्या फिती कुणीतरी स्वच्छ करून इंटरनेटवरच्या एका संगीतसेवेवर चढवल्या होत्या. मुख्य बाईंचं नाव, गाण्याचं नाव, साल, सगळं जुळत होतं. त्याने मला दुकानात फोन केला तेव्हा त्याचा आवाज कापत होता. मीही कात्री खाली ठेवून रडले.

आणि त्याच सुमारास आईचे कान चालले होते. उजवा गेलाच होता. डाव्यात यंत्र घालून कसंबसं भागत होतं. कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली आणि आम्हा दोघांना बाजूला घेऊन म्हणाले, 'यंत्राने फार दिवस निभेल असं नाही. आजींना जे ऐकायचं असेल ते आत्ता ऐकवा.'

आत्ता! शहाण्या माणसाला याचा अर्थ कळतो. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवरच फोन काढला. सोन्याने माझं मनगट धरलं.

'ताई, फोनवर? वेडी आहेस का? एवढ्या वर्षांनी ती स्वतःचा आवाज ऐकणार, तो या काडेपेटीतून? आधीच तिला पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखं ऐकू येतं. फोनवर तिला नुसती खरखर कळेल आणि म्हणेल, हा माझा आवाज नव्हे. मग? झालं का समाधान?'

बोलणं पटण्यासारखं होतं, हीच तर अडचण. सोन्याची सगळी बोलणी सुरुवातीला पटतात.

'मी खोली तयार करतो,' तो म्हणाला. 'नीट, स्वच्छ, एकही अडखळ नाही असं ऐकवतो. तोपर्यंत कुणीच ऐकायचं नाही. पहिल्यांदा ऐकायचं ते तिने.'

आईने हे ऐकलं, म्हणजे त्याने तिच्या कानाशी ओरडून सांगितलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की मी फोन परत पिशवीत टाकला.

मग सुरू झालं नमनाला घडाभर तेल. आई सोन्याकडेच राहते, त्याच्या घराच्या मागच्या बाजूची खोली रिकामी केली. पडद्यांचं काम अर्थातच माझ्याकडे. आवाज भिंतींवरून उसळू नये म्हणून जाड कापड, दुहेरी अस्तर, दुप्पट चुण्या, जमिनीपर्यंत. मी हातातली गिऱ्हाइकांची कामं मागे टाकून शिवले. स्पीकर आले. अँप्लिफायर आला. इंटरनेटवरून गाणं ओढून घेणारं एक यंत्र आलं, त्या गाण्याचे आकडे आवाजात बदलणारं दुसरं यंत्र आलं, आणि त्या दोघांना शुद्ध वीज पुरवणारं तिसरं. वीजही सोवळ्यातली लागते, हे मला तेव्हा कळलं.

एवढं करून गाणं लावलं, म्हणजे आईचं नव्हे, त्याचं नेहमीचं ढोलांचं, तर ते मध्येच थांबायला लागलं. दोन ओळी वाजायच्या, थांबायचं, पुन्हा वाजायचं. कारण उघड होतं. इंटरनेटचा राउटर पुढच्या दाराशी, ही खोली पार मागे. मध्ये स्वयंपाकघर, त्याची जाड भिंत, फ्रिज आणि लोखंडी कपाट. वायफाय बिचारं इतकं सगळं ओलांडून पोचेपर्यंत धापा टाकत होतं.

'अरे, मग तार घाल ना,' मी म्हटलं. 'राउटरपासून इथपर्यंत. मी पडद्यांच्या दांड्यांमागून नेऊन देते, दिसणारसुद्धा नाही.'

'मला कळत नाही का? तारच हवी. पण साधी नको. साध्या तारेतून गोंगाट येतो.'

'गोंगाट?'

'विजेचा गोंगाट. तुला नाही कळायचं.'

नाही कळायचं! त्याने परदेशातून तार मागवली. चांगली मनगटाएवढी जाड, वर विणलेली खोळ, टोकांना सोन्याचा मुलामा. आली तेव्हा मोजायची गरजच नव्हती, डोळ्यांनीच दिसत होतं. खोलीच्या कोपऱ्यात बसवलेल्या वायफायच्या डबीपासून यंत्रापर्यंत पोचेल, एवढीच. लांब तार मागाहून यायची होती, कारण ती म्हणे हाताने विणतात. तोपर्यंत राउटरपासून कोपऱ्यातल्या डबीपर्यंतचा सगळा प्रवास हवेतून, वायफायवरच. त्यासाठी घरभर वायफाय उचलून पुढे फेकणाऱ्या अशाच पांढऱ्या डब्या बसवल्या होत्या. म्हणजे नदी, नाले, खाचखळगे सगळं अनवाणी तुडवायचं आणि उंबरठ्याशी आल्यावर मखमली जोडे घालायचे. मी हे बोलून दाखवलं. भावजय हसली. सोन्या हसला नाही.

तरीही तेवढ्याने बरं चालायला लागलं होतं. अडखळणं थांबलं होतं. मी म्हटलं, चला, आता आईला बसव.

'अजून नाही,' तो म्हणाला. 'केबल मुरायची आहे.'

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. आईचे कान मला लागले की काय?

'नवी तार, नवे स्पीकर. सुरुवातीला आवाज कोरडा येतो. दिवसरात्र वाजत ठेवायचे, म्हणजे मोकळे होतात. सगळे जाणकार हेच सांगतात.'

'आणि आईचे कान? ते कुठे मुरत घातलेत?'

'ताई, आता एवढी थांबलीस, आणखी थोडी थांब.'

तो ऑफिसला जायचा आणि मागच्या खोलीत, बंद दाराआड, कुणीही ऐकत नसलेले ढोल वाजत राहायचे. पलीकडच्या खोलीत, खुर्चीत, जिच्यासाठी हे चाललं होतं ती बसलेली. मी दुपारी डबा घेऊन जायचे. काही विचारलं की ती माझ्याकडे टक लावून बघायची आणि थोडं थांबून उत्तर द्यायची. कधी भलतंच उत्तर यायचं. मी म्हटलं, पडदे लावले का गं, तर म्हणाली, नको, आत्ताच खाल्लंय. मला हसू आलं. नंतर जिना उतरताना हसू जिरलं.

दुसऱ्या दिवशी मी फोन घेऊनच गेले. सोन्या घरी नव्हता. मी आईच्या समोर बसले, गाणं शोधून काढलं, तिला पडद्यावरचं नाव दाखवलं. तिने ते वाचलं, त्यावरून बोट फिरवलं, आणि फोन उलटा करून माझ्या मांडीवर ठेवला.

'नको.'

'आई, कुणाला कळणार आहे?'

'मला कळेल ना. तो एवढं जिवाचं रान करतोय. मग त्याच्यासमोर पहिल्यांदा ऐकल्याचं सोंग करू?'

'कर! आयुष्यभर त्याच्यासाठी सोंगंच केलीस. त्याची चित्रं चांगली, त्याची पेटी चांगली, त्याचा जळका स्वयंपाकही चांगला. माझ्या पडद्याची एक शिवण वाकडी गेली तर तेवढी तुला दिसते!'

'अगं, तुला सांगितलं तर तू सुधारतेस,' ती म्हणाली. 'तो कोसळतो.'

मी भांडी आपटून धुतली आणि निघून आले.

संध्याकाळी मी सोन्याला त्याच्या दारातच गाठलं. जिन्यात शेजारी होते, मी बघितलं नाही. म्हटलं, 'बैल गेल्यावर झोपा करायचा आहे का तुला? तिला माणसाचं बोलणं कळेनासं झालंय, आणि तू तारांना गाणी ऐकवतोयस!' तो पांढरा पडला. त्याला राग यायला हवा होता, पण त्याचे डोळे भरले. 'तिला ते आवडायला हवं, ताई. ती नुसतं मान हलवून बरंय म्हणाली तर मी काय करू? मला ती खरंच दचकलेली बघायचीय.' मी क्षणभर विरघळले. आणि मग स्वतःवरच चिडले, कारण हेच होतं. त्याच्यासमोर नेहमी कुणीतरी विरघळतं.

पण रविवार ठरला. दुपार.

खोली खरोखर सुंदर झाली होती. माझे पडदे सरळ पडले होते. दोन स्पीकर, त्यांच्यासमोर मापून ठेवलेली एकच खुर्ची. आईने ठेवणीतले कपडे घातले होते आणि केस नीट बांधले होते. सोन्याने सगळ्यांचे फोन बंद करायला लावले, घरातले संगणक बंद केले. एवढ्यासाठीसुद्धा वायफाय मोकळं हवं, नाहीतर अडखळेल. त्याने आईचा खांदा दाबला, हातातल्या टॅबलेटवर बोट टेकवलं आणि डब्यांवरचे दिवे बघत कोपऱ्यात उभा राहिला. मी पडद्याला टेकून उभी होते.

गाणं सुरू झालं. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. आमच्या घरात कधी असा आवाज आला नव्हता. सारंगी जणू खुर्चीच्या पुढ्यात बसली होती. मुख्य बाईंचा भारदस्त आवाज, त्यामागे बायकांचा समूह, एकेक बाई वेगळी कळावी इतका स्वच्छ. आईने डोळे मिटले. तिची बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरू लागली. ओठांवर हसू. सोन्याने माझ्याकडे वळून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी मनात म्हटलं, जा, तुझे सगळे गुन्हे माफ.

दुसरं कडवं संपलं. आता शेवटचं येणार. आणि आवाज बंद पडला.

एकदम. कापल्यासारखा.

'मायक्रोवेव्ह!' सोन्या ओरडला. 'स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह कुणी लावला? बंद करा आधी!' त्या यंत्रामुळे वायफाय अडतं, हे तो घरात रोज बजावायचा. पलीकडून भावजय ओरडली, 'आईंचं सूप गरम करतेय हो!' तो डब्यांवर वाकला, कुठला दिवा लाल झाला ते शोधायला लागला.

मी आईकडे बघत होते.

तिचे डोळे मिटलेले होते. बोटं चालू होती. संथ, एकसारखी, एकही मात्रा न चुकता, ती खुर्चीच्या हातावर ताल देत होती. मान हळूहळू डोलत होती. आणि त्या पूर्ण शांत खोलीत ती म्हणाली, 'वा! किती स्वच्छ येतंय रे, सोन्या.'

सोन्याचा हात डबीवरच थांबला. तो वळला. तिची बोटं अजून चालली होती.

कितीतरी वेळाने तिने डोळे उघडले, बहुधा गाणं एवढंच लांब होतं असा तिचा हिशेब असावा. तिने आमचे चेहरे बघितले. आधी त्याचा, मग माझा. हसू ओठांवरच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

'बंद पडलं होतं का?' तिने विचारलं.

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. 'केव्हापासून?' मी तोंड मोठं उघडून विचारलं. 'केव्हापासून ऐकू येत नाही तुला?'

ती माझे ओठ वाचत होती. ती कितीतरी दिवस आमचे ओठच वाचत होती, आणि आम्ही दोघं भांडत होतो की तिला कशातून ऐकवायचं.

'झाले थोडे दिवस,' ती म्हणाली. 'सांगणार होते. पण हा एवढं करत होता.'

'थोडे दिवस!' माझा तोल गेला. 'पायऱ्यांवर मी फोन काढला होता, सोन्या! त्या दिवशी तिला ऐकू येत होतं! आपण डॉक्टरांशी काय बोललो ते रिक्षात बसल्यावर तिने मला विचारलं होतं, मी सांगितलं होतं आणि तिला कळलं होतं! खरखर तर खरखर, स्वतःची तरी ऐकली असती तिने! तुझ्या तारा मुरल्या का? मुरल्या ना आता?'

तो भिंतीला टेकून खाली बसला.

आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातलं यंत्र थांबलं असावं, कारण गाणं आपलं आपण पुढे सुरू झालं.

शेवटचं कडवं. सारंगीची एक ओळ, आणि मग आवाज. तो मुख्य बाईंचा नव्हता. कुणा ठार बहिऱ्यालाही कळलं असतं, असं म्हणणार होते, पण ते आता कसं म्हणू? बारीक, ताठ, तरुण आवाज, शब्दाच्या शेवटी किंचित वर उचलून सोडण्याची लकब. ही लकब मी तापात ऐकली आहे, परीक्षेच्या दिवशी दारातून ऐकली आहे. अजूनही 'अगं' म्हणताना ती तसाच स्वर उचलते. एकटीच गात होती ती. मागे समूहसुद्धा नव्हता. साठीच्या मला माझ्या जन्माआधीची आई ऐकू येत होती, आणि ती स्वतः माझ्यासमोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती, काय चाललंय ते कळावं म्हणून.

'वाजतंय का?' तिने विचारलं. 'शेवटचं आलं का?'

मी मान हलवली.

तिने खुर्चीचे हात घट्ट धरले. 'कोण आहे? मी आहे का गं?'

'तू आहेस!'

सोन्या गुडघ्यांवर सरकत आला, तिचा हात धरला. 'आई, तूच आहेस. शप्पथ. तूच.'

ती आमच्या ओठांकडे बघत राहिली. एकदा त्याच्या, एकदा माझ्या. मग तिच्या चेहऱ्यावर मघाचंच हसू परत आलं, तेच, सोन्याचा जळका स्वयंपाक खातानाचं. तिने त्याच्या टकलावरून हात फिरवला.

'शेवटी माझीच मुलं तुम्ही,' ती म्हणाली. 'मीसुद्धा नाही का आत्ता म्हटलं, किती स्वच्छ येतंय?'

'नाही आई, खरंच! हे तसं नाही!' मी ओरडले. तिला ऐकू येत नाही हे माहीत असून ओरडले, खांदे धरून हलवलं तिला. 'आम्ही तुझं मन राखत नाहीये! तूच गातेयस! एकटी! बाई नाहीतच त्यात! तू!'

भावजय सुपाची वाटी घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. गाणं संपलं होतं आणि मी अजून ओरडत होते.

'बरं बाई, मी,' आई म्हणाली आणि माझ्या गालावर थोपटलं. 'मीच. आता पुरे. घसा बसेल तुझा.'